कुरण लहान, ट्रॅक्टर मोठा

जर्मन-जपानची मोठी लढाई संपली त्या सुमारास आमच्या घरी ट्रॅक्टर आला आणि माझ्या डोक्याची शांतता गेली. यजमानांनी तो अकोल्याला लष्करी सामानाच्या लिलावात घेतला. घेताना त्यांनी एकच गोष्ट पाहिली असावी, की तिथे उभ्या असलेल्यांत सगळ्यांत मोठा कोणता.

ट्रॅक्टरची गरजच नव्हती असं मी म्हणणार नाही. पातूरच्या डोंगराखाली आमचं कुरण होतं. बाकीचं रान काळं, कपाशी-ज्वारीचं. हा एवढा तुकडा मुरमाड, मधून मधून दगड वर आलेले, म्हणून गवतालाच सोडलेला. माझ्या म्हशी आणि घरचे बैल उन्हाळाभर त्याच गवतावर निघायचे. गवत कापावं लागतं ते फुलोऱ्यात असताना, दसरा झाला की लगेच. दिवस चुकले की त्याला कुसळं धरतात, काडी ताठ होते आणि खाणाऱ्या जनावराच्या तोंडात जखमा होतात. नेमकी त्याच दिवसांत वेचणी सुरू व्हायची. गावातली एकूण एक बाई कापसात. मी घरोघर फिरून गवत कापायला माणसं मागायची आणि लोक माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी त्यांचा कापूसच मागते आहे.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका बंद पडलेल्या दुधाच्या फार्मवरून कापणीचं यंत्र आणून ठेवलं होतं. ते बैलजोडीने ओढायचं. दोन लोखंडी चाकं, वर बसायला लोखंडी बैठक आणि उजव्या बाजूला जमिनीलगत लांब दातेरी पातं. चाकं फिरली की त्यांच्याच जोरावर पातं मागेपुढे सरसरायचं आणि गवत आडवं पडायचं. बैठकीवरच्या माणसाच्या हाताशी एक दांडा असे. दगड दिसला की दांडा ओढून पातं उचलायचं. यंत्र चांगलं होतं. पण गव्हा-हरभऱ्याची पेरणीही त्याच दिवसांत, त्यामुळे बैल मोकळे मिळत नसत. त्यावर उपाय हा ट्रॅक्टर, असं यजमानांचं म्हणणं.

"आता पाह्य तू," ते मला म्हणाले, "कुरण एका दमात साफ करतो."

मी ट्रॅक्टरकडे पाहिलं. मागची चाकं माझ्या खांद्याला लागतील एवढी, आणि त्यांवर लोखंडाचे दात. येताना सडकेवरच्या ओव्हरसियरने त्यांना अडवलं होतं, तुमच्या चाकांनी सडक उखडते म्हणून. मग शेताशेतातून, गाडीवाटेने त्यांनी तो घरी आणला. नंतर त्याच्या मागे कापणीचं यंत्र जोडलं तेव्हा ते म्हशीच्या शेपटीला फुलपात्र बांधल्यासारखं दिसत होतं.

"अवो, हे लहान नाई होत का याच्या मानानं?" मी विचारलं.

"लहान हाय तेच बरं. याले काई जडच जाणार नाई."

मला तीच काळजी होती. पण ते एव्हाना टाकीत मातीतेल, म्हणजे रॉकेल, ओतायला लागले होते. त्या दिवसांत रेशनवर मातीतेल कसंबसं मिळे, आम्ही घरात कंदिलाची वात बारीक करून बसत असू. ट्रॅक्टरसाठी त्यांनी तहसिलीत खेटे घालून परवाना काढला होता, आणि तो राक्षस ते तेल सरबतासारखा पीत होता. रिकामा उभा राहूनसुद्धा पीत होता.

बैठकीवर मामाजी बसले. कोणाचं ऐकेनात. "यंत्र माहं हाय," म्हणाले. डोक्याला फेटा बांधून, दांडा हातात धरून ते असे बसले, की मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

पहिली पट्टी ठीक गेली. गवत भराभर पडलं. यजमानांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला. त्या वेगाने पातं नुसतं किणकिणायला लागलं. मामाजी काहीतरी ओरडत होते, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते यजमानांना ऐकूच जाईना. आणि मग पातं दगडाला अडलं.

बैल असते तर थांबले असते. बैलाच्या मानेला कळतं की मागे काहीतरी अडलं आहे. त्या ट्रॅक्टरला कळायचं काही कारणच नव्हतं. दगड काय आणि यंत्र काय, त्याच्या ताकदीपुढे दोन्ही सारखंच. पातं दगडात अडकून राहिलं, यंत्र गर्रकन फिरलं, मामाजी बैठकीवरून उडून गवतात पडले आणि यजमान पुढे बघत चाललेच होते. मी पदर खोचून धावले. ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिले, तेव्हा तो थांबला.

"काहून थांबवलं?" यजमान वैतागून म्हणाले.

"मांगं पाहा!"

त्यांनी मागे पाहिलं. यंत्र उलटं पडलं होतं, पातं काटकोनात वाकलं होतं, आणि मामाजी गवतात बसून धोतरात अडकलेल्या काड्या काढत होते. त्यांना लागलं नव्हतं. पण त्यांनी मुलाकडे पाठ फिरवली. फेटा उचलला आणि पायी घरी निघाले. यजमान त्यांच्या मागे गेले असते तर बरं झालं असतं. ते यंत्रापाशी गेले.

त्यांचं निदान ऐकून मी कपाळाला हात लावला. "यंत्र कमजोर हाय," ते म्हणाले. "मोठं आणावं लागते."

"यंत्र बरोबर हाय. ट्रॅक्टर येडा-बह्याड हाय."

"तुले काय समजते यातलं?"

 याचं उत्तर कुरणाच्या वाटेवरच्या नाल्याने दिलं. परत येताना त्यांनी ट्रॅक्टर नाल्यात घातला. वरून सुकलेला दिसत होता, खाली काळी माती ओलीच होती. चाकं जागच्या जागी फिरली, दातांनी आपला खड्डा आपणच खणला, आणि ट्रॅक्टर पोटापर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पेरणीच्या ऐन घाईत चार घरचे बैल सोडवून आणावे लागले. ज्यांचे बैल होते ते सगळे हसत होते आणि मी सगळ्यांना चहा देत होते. चहा देता देता मला वाटत होतं, की हेच बैल काल मिळाले असते तर गवत कापून झालं असतं.

त्या वर्षीचं गवत गेलं. वाकलेलं पातं लोहाराने सरळ करेपर्यंत कुरण पिवळं पडलं, कुसळं उडायला लागली. शिवाय चाकांच्या दातांनी वळणावळणावर गवत मुळासकट उपटलं होतं. त्या जागा पुढच्या पावसाळ्यातही उघड्याच राहिल्या.

भाऊबीजेला नणंद आली. तिचं सासर शेंदूरजनाघाटला, संत्र्याच्या बागा. भाकरी थापता थापता मी तिला सगळं सांगितलं, अगदी संतापून सांगितलं. ती हसत सुटली. मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाली, "वहिनी, आमच्या घरी याच्या उलटं हाय."

तिच्या नवऱ्यानेही ट्रॅक्टर घेतला होता, झाडांच्या ओळींमधून फिरावा म्हणून लहानसा, हलका. बागेत तो चालायचा. पण त्यांना नवी बाग लावायची होती, आणि त्यासाठी पडीत जमिनीतली जुनी खोडं उपटायची होती. खोडाला साखळी बांधली की ट्रॅक्टर जागेवर पुढची चाकं उचलायचा आणि बंद पडायचा.

"किती वाऱ्या झाल्या अशा?"

"इचारू नका. थे रोज सकाळी जातेत आन् खोडाले शिव्या देऊन वापस येतेत."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तव्यावरची भाकरी करपली.

अडचण होती ती आमच्या नवऱ्यांची. आपला ट्रॅक्टर चुकला असं त्या दोघांपैकी कोणीही म्हणणार नव्हता. मग नणंदेने माझ्यादेखत भावाला सांगितलं, "दादा, तुमच्यासारखा मोठा ट्रॅक्टर आमच्या इकडे कोणाजवळ नाई. आमच्या घरच्यायले लय गरज हाय. तुमीच मदत करू शकता." यजमानांची छाती फुगली. तिकडे जाऊन तिने नवऱ्याला काय सांगितलं ते तिलाच ठाऊक. पण थंडी सरायच्या आत अदलाबदल झाली. मोठा ट्रकवर चढून गेला, त्याच ट्रकवरून लहान आला. दोघेही पुरुष समजत होते की आपण दुसऱ्यावर उपकार केला.

लहान ट्रॅक्टर मला पाहताक्षणी पटला. त्याची चाकं रबराची होती. पुढच्या दसऱ्यानंतर त्याला कापणीचं यंत्र लावलं. बैलांच्या जुवासाठी असलेली लांब दांडी कापून आखूड केली. मामाजी काही बैठकीवर बसायला तयार होईनात. यजमान गडी शोधायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "मी बसते."

"तू? लोक काय म्हणतीन?"

"मांगच्या वर्षी म्हणाले त्याच्यापेक्षा कमीच म्हणतीन."

बसण्यापूर्वी मी एक अट घातली. यंत्र ट्रॅक्टरला जोडणारा लोखंडी खिळा काढायचा आणि तिथे लाकडाची खुंटी ठोकायची. पातं कशाला अडलं तर आधी खुंटी मोडेल, यंत्र मागे राहील, आणि मी जिवंत राहीन. यजमान बराच वेळ वाद घालत होते. शेवटी मामाजी ओट्यावरून एवढंच म्हणाले, "खुंटी ठोक." ती ठोकली गेली.

कुरणात मी दांडा धरून बसले. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये बैलाच्या चालीने चालला. मी ओरडले की यजमानांना ऐकू जात होतं, हीच मोठी सोय. दगड दिसला की मी पातं उचलायची. एक दगड गवतात लपलेला होता, तो दिसला नाही. कडकन खुंटी मोडली, ट्रॅक्टर आपला पुढे निघून गेला आणि मी यंत्रासकट जागेवर शांत बसून राहिले. बांधावरून वेचणीला जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या, त्या टाळ्या पिटून हसल्या. मीही हसले. दुसरी खुंटी ओटीत होतीच.

गवत फुलोऱ्यातच पडलं. उन्हात वाळलं, हिरवट रंग राखून वाळलं. गोठ्यामागे गंजी रचली तेव्हा तिचा वास घरात येत होता. म्हशींनी ते खाल्लं आणि एकीचंही तोंड रक्ताळलं नाही.

त्यानंतर पाहुणे आले, की यजमान त्यांना ट्रॅक्टरपाशी नेत. "मशीन कामाच्या मापाचं पायजे," ते सांगत. "ताकद जास्त झाली तर नुसकानच होते. आन् ही खुंटी पाहा, आपण बसवली." पाहुणे माना डोलावत. मी चहाचे कप घेऊन दारात उभी असे. चहा मात्र त्या वेळी माझ्याकडून जरा जास्तच कडक होत असे.

पुढे ते कधीमधी दुसरा गिअर टाकून बघत. मग मी बैठकीवरून जो आवाज काढी, तो म्हणे पार गावठाणापर्यंत ऐकू जात असे.