कापलेल्या कडा

गिऱ्हाइकाचा कागद मी वाचत नाही. वडिलांनी बाइंडिंग शिकवताना घातलेला दंडकच तो: लोकांचं आपण शिवायचं, वाचायचं नाही. माणिकपूरचं दुकान मी याच तोऱ्यात चालवलं.

दोन वर्षांपूर्वी जूचंद्रचे एक शेतकरी काका बायकोची वही घेऊन आले. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला होता. शेवटचं वर्षभर ती जे बोलली ते या वहीत, पेन्सिलीने. ती गेली आणि पानंही सुटली. "नीट बांधून द्या ताई. शेवटचा पान मी उघडलाच नाय. ती दवाखान्यात एकटी असताना लिवलेला. वही बांधून आली का वाचीन."

मी जीव ओतून काम केलं. दाभणाने भोकं पाडून शिवलं, खळ लावली, दोन दिवस दाबाखाली ठेवली. पुठ्ठे चढवण्याआधी कुरतडलेल्या कडा अर्धा-अर्धा इंच कापून सरळ केल्या. हाताला सवयच तशी. कडा न कापता वही देणं म्हणजे मला केस न विंचरता लग्नाला जाण्यासारखं वाटतं.

वही न्यायला आलेल्या काकांनी दुकानातच शेवटचं पान उघडलं. ती पार कडेपर्यंत लिहायची, कागद वाया घालवणारी बाई नव्हती. तिथे एकच ओळ होती: 'मी गेल्यावर पोराकडं राहायला'. पुढचा शब्द माझ्या पात्याने खाल्ला होता. कातरण सकाळीच रद्दीवाल्याने नेलं होतं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बांधताना तुमी वाचला असंल. पुढं काय लिवलेला?"

वाचलं नाही, न बघताच कापलं, हे कबूल करायची मला लाज वाटली. अर्ध्या इंचात 'जा' मावतं आणि 'नको'ही मावतं. म्हातारा माणूस, एकटं घर. मी म्हणाले, "जा."

परवा विरारला एका सोसायटीत हिशेबाच्या वह्या पोचवायला गेले, तर गेटजवळच्या बाकावर काका. गावचं घर विकून मुलाकडे आलेले. मुलगा दिवसभर बाहेर, सून बोलत नाही. खूप वाळले होते.

"मना यायचा नव्हता," ते म्हणाले. "पन तिचा शब्द कसा मोडू?"

मी अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.