वीरपित्याचा हार

देवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावच्या फाट्याला, एका जवानाचा अर्धपुतळा आहे. तो माझा विद्यार्थी. सीमेवर शहीद झाला तेव्हा गावानं ठरवलं, स्मारक करायचं तर पुतळ्याचंच. त्याचे वडील बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवतात. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. चाचांना कुणी विचारलं नाही. मान देतानाही विचारायचं असतं, हे एवढ्या शिकलेल्या मला तरी कुठं सुचलं? शिल्पकाराला फोटोसुद्धा मीच नेऊन दिला.

अनावरणानंतर महिनाभरानं पँट आखूड करायला गेलो, तेव्हा मशीन थांबवून चाचा हळूच म्हणाले, "गुरुजी, नुसतं नाव कोरलं असतं तं बस होतं. आमच्यात पुतळ्याला हार घालत न्हाईत. पर गावानं एवढ्या मायेनं केलं, आता म्या कोन्या तोंडानं बोलू?"

पुतळा काढा म्हणावं तर गाव दुखावणार, शिवाय चाचांबद्दल लोक भलतंच बोलणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. निदान हार तरी दुसऱ्या कुणाच्या हातून घालून घेऊ, असा शब्द मी त्यांना दिला. यंदाच्या सव्वीस जानेवारीला तालुक्याहून येणाऱ्या पाहुण्यांनी हार घालायचा, असं सरपंचांकडून ठरवूनही घेतलं. चाचा फक्त नावाच्या पाटीसमोर उभे राहणार होते.

पण पाहुण्यांनी ऐन वेळी हात जोडले. वीरपिता समोर असताना हार घालणारा मी कोण, म्हणाले. माणूस भला होता, हीच अडचण. टाळ्या पडल्या. माईक माझ्या हातात होता, एखादं वाक्य बोलून मला सावरता आलं असतं. पण भरल्या गावासमोर माझी जीभच उचलेना, आणि उचलली तेव्हा मी म्हणालो, वीरपित्यांनी पुढं यावं.

चाचा आले. खाली बघतच त्यांनी हार घातला. घोषणा झाल्या, फोटो निघाले. मला माझीच शरम वाटली, आजही वाटते.

लोक पांगल्यावर ते माझ्यापाशी आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गुरुजी, माझं झालं ते झालं," ते म्हणाले. "उद्या म्या नसलो तं त्याच्या अम्मीला इथं बोलवू नका."

मी हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जात होतं.