मावशीचे दोन

खुर्ची सुटली! दारातल्या उतारावरून सुटली, आणि माझी आठ महिन्यांची पोरगी मावशीच्या मांडीवर. मी पाण्याची कळशी टाकून पळाले, चप्पल कुठं गेली माहीत नाही. मावशीनं डाव्या हातानं चाक दाबलं, खुर्ची गर्रकन फिरून भिंतीवर आदळली. उजवा हात पोरीभोवती. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. मावशीचे ओठ पांढरे पडलेले, तरी म्हणते काय, "दोन. दोनच दुखतंय, माय."

हे दोन कसलं ते सांगते. कोसाडला आमच्या बिल्डिंगीत मावशी माझ्या समोरच्या खोलीत राहायची. पाय लहानपणीच गेलेले, चाकाची खुर्ची हातानं ढकलायची, सगळी भिस्त खांद्यांवर. दवाखान्यातली ताई मधूनमधून कागद देऊन जायची. खाटेवरून खुर्चीत येताना खांदा किती दुखतो, चढावर किती, झोपताना किती. काहीच नाही तर शून्य, सहनच होत नाही तर दहा. मावशीला लिहिता येत नाही, मी सातवीपर्यंत गेलेली, म्हणून पेन माझ्या हातात.

"दोन लिख, माय." प्रत्येक ओळीला दोन.

एक दिवस बघते तर फळीवरचे सगळे डबे जमिनीवर. म्हणाली, "वर मुंग्या लागतस."

"आणि खाली लागत नाहीत?"

"खालन्या वळखीन्या शेतस!" खालच्या म्हणे ओळखीच्या! आणि स्वतःच हसली.

केस विंचरताना तिचा हात वर जायचा नाही, डोकंच हाताकडे खाली न्यायची. मी रोज बघायची. बघायची आणि पोरीला तिच्या मांडीवर देऊन साड्यांचे धागे कापायला कारखान्यात पळायची. दुसरं कोण होतं मला?

एकदा पेन थांबवलं. "मावशी, खरं सांग ना."

ती पोरीच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. "आठ लिखशी, मंग पोर ठेवशी का माझ्याजवळ?"

मी दोन लिहिलं.

खुर्ची आदळली त्यानंतर डावा हात गळ्यात बांधून तिच्या भावानं तिला चलथाणला त्याच्या घरी नेलीय. खोलीला कुलूप. पोरगी रांगत तिकडंच जाते, दार थापटते. मी कामावर जात नाही, पोरीला खाली ठेवायचीच भीती वाटते.

काल ताई आली. विचारलं, "बाई सांगायच्या तेच लिहायचीस ना?"

मी हो म्हटलं. खोटं नाही ते. पण डबे मी बघितले होते, कंगवा बघितला होता. पेन माझ्या हातात होतं. तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं?