शेवंतीकडून विद्या परत घेणारे झनकलालजी

झनकलालजींची आणि माझी पहिली गाठ आमगावजवळच्या एका जमीनदारांच्या तबेल्यात पडली. मी जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. शेवंती नावाच्या घोडीच्या खुराला मलम लावायला गेलो होतो. रिसाल्यातून निवृत्त झालेले झनकलालजी तिथे घोडी शिकवीत. "मांगून नोको येऊ गा, तिले आवाज देऊन ये," हे त्यांचे माझ्याशी पहिले बोलणे. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात शोभण्यासारखे नाही, पण खरे तेच लिहितो.

नागपूरला घोड्यांच्या कवायतीच्या स्पर्धांत ते याच शेवंतीवर बसून पहिले येत. त्या ढालींचे वर्णन इतर मंडळी करतीलच. त्यांच्या हाती चाबूक मात्र कधी नसे. पोटरी किंचित टेकली की शेवंती आडवी सरके, लगाम जरा आवळला की जागच्या जागी दुडकी धरी. पाहणाऱ्याला वाटे, घोडी आपल्याच मनाने करते आहे.

पुढे जमीनदारी गेली, तबेला मोडला. झनकलालजी गोंदियाला भाताच्या गिरणीवर पहारेकरी झाले आणि शेवंती स्टेशनावरच्या टांग्याला जुंपली गेली. काही महिन्यांनी ती माझ्यापुढे आली, तेव्हा पाठीवरचे वळ चिघळले होते. टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, ये चलती कम, नाचती जादा है. नहीं सुधरी तो नवेगाव के जंगल में छोड़ आऊँगा, शेर खा ले."

मी झनकलालजींना बोलावले. त्यांनी टांगा जोडायला लावला, थोडा वेळ पाहिले आणि त्यांना सारे कळले. टांग्याचे दांडे बरगड्यांना लागले की तिला ती झनकलालजींची पोटरी वाटे. ती आडवी सरके, चाबूक बसे, आणि मालक खूश व्हावा म्हणून ती आणखी जीव तोडून तेच करी.

"मीच मारून राहिलो ना तिले," झनकलालजी म्हणाले.

तिला घरी न्यायला त्यांच्याजवळ ना जागा होती ना दाणा. म्हणून पहाऱ्याची पाळी संपली की ते तिला स्टेशनामागच्या मैदानात नेऊ लागले. पोटरी दाबायची, ती सरकली तर सरळ उभी करायची, जागची हलली नाही तर गूळ द्यायचा. उमेदीची वर्षे घालून शिकवलेले पुसायला एक पावसाळा पुरला. मला संताप येई. "उस्ताद, काऊन नास करून राहिले एवढ्या विद्येचा?" मी विचारले. "विद्या माही आहे, पण मार तिले बसते," ते म्हणाले.

शेवटी एके दिवशी पारख करायला ते तिच्या आता बऱ्या झालेल्या उघड्या पाठीवर बसले. दोन्ही पोटऱ्या दाबल्या, लगाम आवळला. शेवंती मान खाली घालून नुसती उभी राहिली. ते उतरले. "झालं. आता नाई मारणार तिले कोणी," एवढे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून रडले. त्यानंतर त्यांनी रिकिबीत पाय ठेवलेला नाही. साठीनिमित्त घोड्यावरून मिरवणूक काढायचा सत्कार समितीचा बेत त्यांनी का मोडला, हे आता सर्वांना कळावे.

आजही कामावर जाताना ते टांगाअड्ड्यावरूनच जातात, पण तिला हात लावीत नाहीत. जुने आठवले तर पुन्हा मार खाईल, ही धास्ती. घोडी थकून टांग्यातून सुटली की तुमची, असा शब्द टांगेवाल्याने दिला आहे. झनकलालजींना उदंड आयुष्य लाभोच. पण ती त्यांच्याकडे परत येईल त्या दिवशी त्यांचे हात धड असावेत आणि त्या हातांखाली शेवंती जिवंत असावी, एवढे माझे देवाकडे मागणे आहे.