दोन भोकांचा खोडा

"घे की माप! काय बघायलास? बापाच्या पायाचं घे, आन् तुझ्या पायाचं बी घे! एकाच ओंडक्यात दोन भोकं पाड!"

देशमुख ओरडत होता. त्याचा आवाज म्हणजे काय सांगू, गोदावरीच्या पलीकडचे बैल दावं तोडून पळायचे. सोनपेठच्या बायका आभाळ गरजलं म्हणून वाळवण उचलायच्या. आणि मी तर त्याच्या पुढ्यातच उभा. हातात सुतळी. समोर माझा बा, दोन गड्यांनी दंड धरलेला. तो हसत होता. हातातला रंधा काही सोडत नव्हता.

बाने काय केलं होतं? भर दुपारी देशमुखाच्या गढीच्या दाराला रंधा मारला होता. सागवानी दार, त्यावर कोरलेला वाघ. "लाकूड अजून जित्तं हाय, त्याला श्वास घिऊ द्या," म्हणत बाने वाघाचं तोंडच रंधून काढलं. वाघाचं मांजर झालं. काहीजण सांगतात, उंदीर झाला. मी मांजरावर थांबतो. फेकायलाही मर्यादा पाहिजे.

खोडा आता कुणी पाहिला नसेल. माणसाला उचलणार नाही असा ओंडका, त्याला भोक. भोकात पाय घालायचा आणि आडवी पाचर ठोकायची, म्हणजे पाय निघत नाही. डोकं बिघडलेल्या माणसाला गावात हीच दवा. खोडा घडवायचा सुतारानं. गावात सुताराचं घर एकच, आमचं. म्हणजे दुखणंही आमचं आणि बेडीही आम्हीच घडवायची. निजामाच्या साऱ्या राज्यात अशी सोय दुसरीकडं नसेल.

मी बाच्या घोट्याभोवती सुतळी घेतली. गाठ मारली. मग विचारलं, "मालक, मला काय झालंय?"

"झालं न्हाई. व्हईल," देशमुख म्हणाला. "तुझा आजा येडा, तुझा बाप येडा. खानदानी येडे तुमी. रगतातच हाय तुमच्या. घडीघडी लाकूड कुठून तोडू? आत्ताच पाडून ठिव."

गढीपुढं जमलेलं सगळं गाव हसलं. आणि मी वाकलो. माझ्याच हातानं माझ्याच पायाला सुतळी बांधली. बा वरून म्हणाला, "सैल घे रं. पाय सुजतो." त्यावर गाव अजून हसलं. मला मात्र कळलं. पाय सुजतो हे बाला कुठून ठाऊक, ते मला ठाऊक होतं.

खानदान! हा शब्द देशमुखाच्या दाराला तोरण व्हायचा आणि आमच्या पायाला खोडा. गढीच्या माडीवर देशमुखाचा धाकटा भाऊ होता. तो दिवसभर भिंतीशी बोलायचा, भिंतीचं ऐकायचा, कधी भिंतीवर रुसायचा. त्याला गाव 'महाराज' म्हणायचं. परभणीहून हकीम यायचा. एवढं बदामाचं तेल त्याच्या डोक्यावर जिरायचं की माशा घसरून मरायच्या. ते रक्त देशमुखाचंच ना? मग तिथं खानदानाचं नाव कुणी काढलं नाही. दुखणं एकच. त्यांच्या डोक्याला बदाम, आमच्या पायाला बाभूळ.

रक्तात काही असेलही. माझं नाक बाचं, बाचं नाक आज्याचं. नाक उतरतं तसं डोकंही उतरत असेल. बी असेल. पण नुसतं बी पडून उगवत नाही. पाणी कुणी घातलं?

आज्याला बेगारीत धरून नेला होता. कुणा मोठ्या साहेबाची शिकार, तिथं तंबूच्या मेखा ठोकायला. मागं घरात पटकी शिरली. दोन लेकरं गेली. आज्याला मातीला येऊ दिलं नाही, तंबू कोण सांभाळणार? परत आला तो बोलेचना. नुसत्या मेखा ठोकायचा, भुईत, भिंतीत, हवेत. मग देशमुखाच्या बापानं त्याला गोठ्यात खोड्यात घातलं. बा तेव्हा लहान. रोज भाकर घेऊन जायचा. पाहुणे आले की मोठा मालक त्याला म्हणायचा, "भाकर वर धर रं पोरा. बघू तुझा बाप कसा नाचतो."

आणि बाने भाकर वर धरली. न धरून करतो काय? खाली धरली की आज्याला भाकर मिळायची नाही. एका पायावर, खोड्याला हिसके देत, आजा उड्या मारायचा. पाय सुजायचा. हे बाने मला त्याच्या शहाण्या दिवसांत सांगितलं, आणि सांगताना त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. यात मी काडीचंही फेकलेलं नाही.

आणि मी? मी मोठ्यानं हसलो की म्हणायचे, लागलं बघा. गप बसलो की, झालं सुरू. मी शिंकलो तरी बाया लेकरं घरात ओढायच्या. लहानपणीच मला कळलं, गप बसणाऱ्या येड्याच्या पोराला लोक भितात, हसवणाऱ्याला भीत नाहीत. तेव्हापासून मी फेकायला लागलो. आमची कोंबडी दोन पिवळ्यांची अंडी देते, आमच्या आडात मगर हाय. लोक हसायचे. मी जगायचो. एक एक बढाई म्हणजे माझ्या खोड्यातली एक एक पाचर मीच हळूच काढत होतो. आणि त्या दिवशी देशमुखानं सगळ्या परत ठोकल्या.

देशमुखाच्या गड्यांनी बाभळीचा ओंडका आमच्या अंगणात आणून टाकला. बाला माझ्या हवाली केलं, खोडा होईपर्यंत. मी ओंडक्यावर बसलो, गाठी मारलेली सुतळी मांडीवर. पटाशी हातात घेतली. खरं सांगतो, पहिलं भोक आखलं. दुसरंही आखलं.

तेवढ्यात माझी लेक आली. नीट बोलताही यायचं नाही, अशी. ओंडक्यावर चढली, शेजारी बसली, पाय पुढं केला.

"माजं बी घे."

"काय?"

"आबाचं घेतलं. तुजं घेतलं. माजं बी घे."

रडत नव्हती. हट्टही नव्हता. सणाला सगळ्यांना बांगड्या भरल्या, मला पण, तसं. इवलासा पाय. तळव्याला माती.

वेड असं उतरतं. रक्तातून किती येतं ते हकिमाला विचारा. आमच्या घरात ते सुतळीनं येत होतं. आज्याचं माप बाने पाहिलं, बाचं मी घेतलं, माझं ती बघत होती आणि पाय पुढं करत होती.

मी सुतळी चुलीत टाकली. करवत घेतली.

बाभूळ ओली होती. ओलं लाकूड करवतीला धरतं, सुतार त्याला शिव्या घालतो. मी त्या दिवशी लाकडाला एकही शिवी दिली नाही. सगळ्या गढीकडं तोंड करून दिल्या. मायनं सुंभ आणला आणि विणायला बसली. देशमुखासमोर तिनं जन्मात तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर तेवढा नाकापर्यंत ओढायची.

बा बरा झाला नाही. ही गोष्ट मला फुगवता आली असती, पण नाही फुगवत. पुढंही तो दारांशी बोलायचा, काही दिवस रडत काढायचा. आमचं बलुतं बंद झालं. गावच्या आडावर पाणी मिळेना. पण माझ्या हातून खोडा होणार नाही, हे त्या करवतीच्या पहिल्या घासालाच ठरलं होतं. बाचा नाही. माझा नाही. लेकीचा नाही. उद्या गढीनं भिंतीशी बोलणाऱ्या भावासाठी सांगितला, तर त्याचाही नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी देशमुख स्वतः आला. आमच्या गल्लीत तो कधी आला नव्हता. मागं गडी. तोच आवाज, सगळी कौलं थरथरली.

"कुठंय माझा खोडा? कुठंय रं सुतारड्या?"

मी भोकं पाडायचं किकरं हातात धरून उभा राहिलो. पण माय दारात पुढं झाली. पदर डोक्यावर होता, नाकावर नव्हता.

"त्याची बाज केली," माय म्हणाली. "ते निजलेत. हळू बोला."