‘कोल्ड’ म्हणजे गार

हिंगोलीकडच्या माझ्या गावाहून, हट्ट्याहून, पुण्याला निघाले त्या सकाळी आईनं माझी पिशवी एसटीत चढवली आणि पदर तोंडाला लावून बाजूला झाली. आत्या खिडकीखाली उभी राहिली. तिनं पुण्यात चार वर्षं बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. ते शहर घरात तिलाच ठाऊक. म्हणाली, “पोरी, लोकं हसतील. हसू दे. तू बोलून टाक.”

लोक हसलेच. एम.ए. इंग्रजीच्या वर्गात मी तोंड उघडलं की मागं खुसखुस सुरू. मी गप्प बसायला लागले. शिक्षण सोडून गावी परतायचं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात सेमिनारमध्ये एका कवितेवर बोलायची माझी पाळी आली.

कविता दोनशे वर्षांपूर्वीची, रोमँटिक काळातली. धुरानं काळवंडलेलं शहर, खिडकीशी कपडे शिवणारी बाई. कडव्याकडव्यात ‘कोल्ड’ हाच शब्द: फरशी कोल्ड, पाव कोल्ड, बोटं कोल्ड, शेवटी मालकाची नजर कोल्ड. एकजण म्हणाला, “कवीला शब्द कमी पडलेत.”

मला आत्याचे पुण्याहून येणारे फोन आठवले. तकलीफ आहे असं ती कधीच म्हणाली नाही. “फरशी गार हाय, भाकर गार हाय,” एवढंच.

मी उभी राहिले. “सर, शब्द कमी पडलेले नाहीत. सोसणारा माणूस दुःखाचं नाव घेत नाही, हाताला लागतं ते सांगतो. फरशीचा गारठा पावात शिरतो, पावातून बोटांत. तो कुठून निघाला, ते शेवटच्या ओळीत कळतं. मालकाच्या डोळ्यांतून!”

इंग्रजीचं व्याकरण दोनदा घसरलं. कुणी हसलं नाही. सरांनी खडू माझ्या हातात दिला. “फळ्यावर लिही. सगळ्यांनी उतरवून घ्या.”

आज मी त्याच विभागात शिकवते. मागच्या हिवाळ्यात हिंगोलीच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. आत्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि ती कविता मराठीत उलगडली. संपताच आत्या मोठ्यानं म्हणाली, “बराबर हाय. पण त्या बाबाला माझं सांगितलं कोणी?” टाळ्या थांबेचनात.

गाव सोडून निघालेल्या लेकरांनो, घर कुठलं असं लोक मला अजून विचारतात. जिथं बोलण्याआधी वाक्य मनात तपासावं लागत नाही, ते माझं घर. आधी ते फक्त हट्ट्यात होतं. आता भरल्या वर्गातही आहे.