गळा धुणे

माझा धाकटा भाऊ गाणारा. जयंतीच्या दिवसांत कंधारच्या आमच्या घरी पाहुण्यांआधी पेटी आणि ढोलकी येऊन बसत. गाण्यापूर्वी गायनपार्टीतले सगळे मंचामागे थोडी दारू घेत. त्याला ते ‘गळा धुणे’ म्हणत. असा गळा धुता धुता भावाला कावीळ झाली. दवाखान्यातून परतला तेव्हा त्याने दारू सोडली होती.

त्या हिवाळ्यात तो सकाळी अंगणात पाणी तापवताना गायचा. आत भाकरी थापणारे माझे हात थांबत. आवाजातली खरखर गेली होती. पितळी घंगाळात पाणी चढत जावे तसा तो स्वर भरत जाई. एकदा मी बाहेर येऊन म्हणाले, “पिऊन असा कधीच गायला नाहीस तू.”

तो हसला. “हितं कोण ऐकून राहिलंय अक्का? तू अन् कोंबड्या. स्टेजवर घेतल्याबिगर गळा सुटत न्हाई.”

“न घेता गाऊन बघितलंस कधी?”

“बघायचं काय त्यात? ठावं हाय मला.”

अहमदपूरच्या कार्यक्रमात माझ्या आग्रहाखातर पहिले गाणे तो न घेता गायला. पहिल्याच कडव्यात त्याचा सूर किंचित कापला, कुणाचाही कापतो तेवढाच. मंडपात कुणाला जाणवलेही नसेल. पण तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू त्याचेच म्हणणे खरे ठरले होते. पेटीवाल्याने वर टोमणा मारला, “उस्ताद, बिनडिझेलची गाडी किती ढकलायची?”

गाणे संपताच तो मंचामागे गेला. परतला तो उजळलेल्या चेहऱ्याने. दुसऱ्या गाण्यात आवाज चिरकत होता, शब्द एकमेकांवर सांडत होते, वरचा सूर लागलाच नाही. टाळ्या मात्र पडल्या. खाली उतरून त्याने विचारले, “सुटला न गळा?” त्याच्या श्वासाला तोच जुना आंबूस वास होता.

“न्हाई रे. बसला.”

“तुला गाण्यातलं काय कळतंय,” तो मायेने म्हणाला.

आता तो लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे. भेटायला जाते तेव्हा आत सकाळची वंदना चाललेली असते. अनेक घोगऱ्या आवाजांतून त्याचा एकट्याचा आवाज निथळ वर येतो. तो थांबेपर्यंत मी फाटकाशीच उभी राहते. एकदा भेटल्यावर त्याला हे सांगितले. मी नेलेली ज्येष्ठमधाची काडी चघळत तो म्हणाला,

“वंदना काय, कुणीबी म्हणतं अक्का. बाहेर येऊ दे मला. एकदा गळा धुतला, की मग ऐक.”